वाढत्या अंगाचा कोट

बंद कपाटात काहीतरी पडलं. लाकडावर लोखंड आपटल्याचा एकच आवाज, मागोमाग कापड घसरल्याची सळसळ, आणि घर पुन्हा गप्प झालं.

मी भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांची सालं काढत होते. एली टेबलाखाली बसून नव्या दप्तराचे कप्पे उघडत होती, मिटत होती. तिने मान वर केली नाही.

"हँगर असेल," ती म्हणाली.

"असेल," मी म्हणाले.

दोघीही उठलो नाही. सालं निघाली, मिरच्या बरण्यांत भरून झाल्या, ओटा पुसून झाला, तरी मी पलीकडच्या खोलीत गेले नाही. त्या कपाटात एकच वस्तू टांगलेली होती. त्यामुळे काय पडलं असेल याचा विचार करावा लागत नव्हता.

कालिना माझी थोरली. पहिलीत होती. गेल्या वर्षी जानेवारीत तिला ताप आला, तो डोक्यात गेला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत ती गेली. हे मी आता असं एका दमात सांगू शकते. दुकानात, कारखान्यात, दाताच्या डॉक्टरकडे. सांगताना माझा आवाज हलत नाही. ऐकणाऱ्यांचाच हलतो, मग मी त्यांना पाणी देते.

माणूस गेलं की चाळिसाव्या दिवसापर्यंत त्याचे कपडे वाटून टाकायचे असतात. ते काम सासूबाईंनी केलं. उकडलेल्या गव्हाच्या वाट्यांबरोबर कालिनाचे स्वेटर, मोजे, बूट, रात्रीचे कपडे, सगळं गावात कोणाकोणाच्या घरी गेलं. मी फक्त एका कोटावर हात ठेवला. म्हणाले, हा तिने घातलाच नाही, याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही, हा तिचा झालाच नव्हता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी वाद घातला नाही.

कोट ओग्न्यानने आणला होता. माझा नवरा ट्रक घेऊन इटलीपर्यंत जातो, महिन्यातून दोन-तीन दिवस घरी असतो. त्या वर्षी नाताळाच्या आधी तिकडच्या कुठल्यातरी दुकानात सेल लागला होता. कोट फेसलेल्या मोहरीसारखा पिवळा, लाकडी बटणांचा, आतून चौकडीचं अस्तर. आणि मापाने दोन नंबर मोठा. आमच्या गावात मुलांचं सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. बुटांच्या टोकात कापूस, विजारीला आतून चार बोटं दुमड, टोपी भुवयांवर. एखादं पोर नेमक्या मापाच्या कपड्यांत दिसलं तर ते राजधानीहून, सोफियाहून, सुट्टीला आलेलं समजायचं. तरी हा कोट फारच मोठा होता. कालिनाचे हात बाहेरच येईनात. ती आरशासमोर रिकाम्या बाह्या फडफडवत, करकोच्यासारखी एका पायावर नाचली. ओग्न्यान म्हणाला, "हसा, हसा. दोन हिवाळे निघतील यात." मग पुढच्या शरदासाठी मी तो टांगून ठेवला.

*

"मिरच्या झाल्या का गं?" खालून सासूबाईंचा आवाज आला, आणि मागोमाग त्याच जिना चढून आल्या. त्यांना स्तोयना म्हणतात, पण घरात सगळ्यांच्या त्या आजी. त्या तळमजल्यावर राहतात, आम्ही वर. अंगणातल्या भट्टीवर मिरच्या भाजून त्यांचा एक गाल लाल झाला होता.

त्यांनी बरण्या मोजल्यासारख्या पाहिल्या, एकीचं झाकण उगीच घट्ट केलं.

"पंधरा तारखेला शाळा. पोरीला कोट आहे का?"

"घेणार आहे. उद्या झ्लात्काकडे जातोय. नवा माल आलाय."

"घेणार आहे! घरात कोट आहे त्याचं काय लोणचं घालतेस?"

मी फडकं पिळलं.

"तू म्हणालीस तिचा झाला नव्हता. बरं. मी ऐकलं. मग कोणाचा आहे तो, ते तरी सांग. कोणाचाच नाही? कोणाचाच नसलेला कोट मी साठ-पासष्ट वर्षांत पाहिला नाही."

"आजी, एली ऐकतेय."

"ऐकू दे. तिलाच घालायचाय. नाहीतर सरळ कसरीला आमंत्रण दे, चहापाणी कर."

टेबलाखालून दप्तराची चेन सर्रकन ओढल्याचा आवाज आला.

"मी तिला नवा घेणार आहे," मी म्हणाले. "तिच्या नावाचा."

"नावाचा घे, गावाचा घे. माझं काय जातंय." आजी दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "आणि स्वतःलाही काहीतरी घे. त्या काळ्या स्वेटरची कोपरं गेलीत. काळं घालायचं तर धड तरी घाल."

मी कोपरं पाहिली. खरंच गेली होती. मी कारखान्यात बाह्या जोडते. मार्चमध्ये आम्ही शरदातले कोट शिवतो, ते ट्रकांतून कुठेकुठे जातात. दिवसभर माझ्या हाताखालून बाह्या जातात, डावी, उजवी, डावी, उजवी. कालिना गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी कामावर गेले आणि एकही बाही उलटी जोडली नाही. बायका म्हणाल्या, नेवेना खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही. हात करत होते. मी जरा मागे उभी होते.

*

शनिवारी अख्ख्या गावाला भाजलेल्या मिरच्यांचा वास होता. चौकातल्या खांबावर कालिनाच्या आठवणीचा कागद आहे, जानेवारीत वर्ष झालं तेव्हा लावलेला. असे कागद आमच्याकडे प्रत्येक खांबावर असतात, एकावर एक, म्हाताऱ्यांचे बहुतेक. फोटो तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा आहे. पांढरा शर्ट, दोन फिती, आणि खालच्या कोपऱ्यात शेवंतीची एक पाकळी, कारण गुच्छ छापणाऱ्याने कापला तरी तेवढी राहिली. दुसरा चांगला फोटो नव्हता. म्हणजे होते, पण त्यांत ती जीभ तरी काढत होती किंवा पळत तरी होती.

"ताई, आम्ही दुकानात चाललोय," एली जाता जाता खांबाला म्हणाली. ती नेहमीच काहीतरी सांगते. आलो, चाललो, ब्रेड संपला होता.

झ्लात्काचं दुकान जुन्या सिनेमाघराच्या खाली आहे. ती दर आठवड्याला सोफियाच्या बाजारात जाऊन व्हॅन भरून आणते, आणि तिकडची फॅशन इकडे पोचायला जो वेळ लागतो तो सगळा त्या व्हॅनमध्ये जात असावा. काचेत एक टकली बाहुली उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत मोहरी. मोहरी टोपी, मोहरी शाल, मोहरी कोट.

मी काचेसमोर उभी राहिले. रंग तोच होता. ओग्न्यानने आणला तेव्हा गावात कोणाकडेच नव्हता.

"या, राणी, या!" झ्लात्का गळ्यात टेप घालून पडद्यामागून आली. अंगाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. "बघत काय बसलीस, आत ये. यंदा हाच रंग. दुसरं काही मागू नका, कारण दुसरं काही आणलंच नाही. ही आपली पहिलीतली बाईसाहेब का?"

"हो, मावशी," एली म्हणाली.

"दात कुठे गेला?"

"उंदराने नेला."

"चांगला भाव दिला का त्याने?"

आत वेस्का होती, आमच्याच गल्लीतली. तिची तोन्का एलीच्याच वर्गात जाणार. तोन्का एका निळ्या स्कर्टमध्ये उभी होती आणि वेस्का तो कमरेपाशी मुठीत धरून होती.

"झ्लात्का, अगं यात दोन तोन्का मावतील."

"मग? एक आत्ताची, एक पुढच्या वर्षीची. दोघींना एकाच स्कर्टमध्ये पाठवतेस, फायदाच की!"

वेस्का खळखळून हसली, मग तिने मला पाहिलं आणि हसू अर्ध्यावर सोडलं. लोक माझ्यासमोर असं करतात. मला खरं तर काही झालं नव्हतं. मी फक्त मनातल्या मनात त्या दोन तोन्कांकडे बघत होते, एक स्कर्ट भरणारी आणि एक वरच्या रिकाम्या कापडात.

झ्लात्काने काही न विचारता एलीसाठी शर्ट काढला, हवेत झटकला, तिच्या पाठीला लावला. खांदे दंडावर आले.

"एक माप लहान दे," मी म्हणाले.

"लहान? हाच तर बरा आहे. थोडा वाढत्या अंगाचा."

"नको. बरोबर बसेल असा."

"बरोबर म्हणजे?"

"आज बसेल असा."

झ्लात्काने माझ्याकडे बघत लहान शर्ट काढला. तो एलीला नेमका बसला. बटणं छातीवर सपाट, मनगटावर कड. मग स्कर्ट, तोही नेमका. मग बूट. झ्लात्का गुडघ्यांवर बसली, तिने एलीच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं.

"अगं, बोट इथे टेकलंय. एवढी तरी जागा सोड. डिसेंबरात संत निकोलाच्या सणापर्यंत ही पोर लंगडेल."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हाचं तेव्हा," झ्लात्का म्हणाली, पण माझ्याशी नाही, बुटाशी.

मी असं का करत होते ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुकानात येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. फक्त मोठा कपडा कोणी पुढे धरला की त्यातली रिकामी जागा मला आधी दिसायची, आणि हात आपोआप म्हणायचा, नको. पुढच्या सप्टेंबरसाठी मी एकदा एक कपडा टांगून ठेवला होता.

 मग एलीने काचेतल्या बाहुलीकडे बोट दाखवलं.

"तसा कोट."

"आणते की माझं सोनं!" झ्लात्का लगबगीने उठली आणि आतून एक मोहरी कोट घेऊन आली. मापाने मोठा. एलीने हात घातले, बोटं गायब झाली. ती आरशासमोर गेली आणि तिने बाह्या फडफडवल्या.

तिने ते कुठे पाहिलं होतं? ती तेव्हा पाच वर्षांची होती, दारात उभी होती. पाहिलं असेल.

"काढ," मी म्हणाले.

"पण आई..."

"काढ म्हटलं ना. झ्लात्का, दुसरा दाखव. मोहरी नको. आणि मापाचा."

मापाचा एकच निघाला. वाइनच्या रंगाचा, गेल्या वर्षीचा उरलेला. एलीला तो घट्ट नव्हता, सैल नव्हता. बाही मनगटाच्या हाडावर संपत होती. मी रोज बाह्या बघते, इतकी नेमकी बाही क्वचित बसते.

तोन्का तिच्या अर्ध्या रिकाम्या स्कर्टमध्ये जवळ आली, तिने एलीला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"हिचा कोट संपला," ती म्हणाली.

"तोन्का!" वेस्का ओरडली.

"संपलाच आहे. माझा बघ, मला तिसरीपर्यंत जाईल."

एली आरशात बघत होती. स्वतःकडे नाही, आरशातल्या माझ्याकडे. तिने हात सरळ खाली सोडले, बाही बघितली, बूट बघितले. मग अगदी साध्या आवाजात, जेवायला काय आहे विचारावं तसं, तिने विचारलं,

"आई, मी वाढणार नाहीये का?"

वेस्काने तोन्काला जवळ ओढलं. झ्लात्काने गळ्यातला टेप काढला आणि हाताभोवती गुंडाळायला लागली, गुंडाळून झाला तो पुन्हा सोडला.

मला उत्तर माहीत होतं. कोणत्याही आईला माहीत असतं, एका शब्दाचं आहे. मी तोंड उघडलं.

"टोपी बघायची का?" मी म्हणाले.

 एलीने कोटाची बटणं स्वतः काढली, खालून वर, आणि कोट नीट घडी करून झ्लात्काच्या हातात दिला.

शर्ट, स्कर्ट आणि बूट घेतले. झ्लात्का दारापर्यंत आली. नेहमीच्या आवाजात नाही, खालच्या आवाजात म्हणाली, "दोन्ही कोट बाजूला ठेवते, नेवेना. लहान पण, मोठा पण. घाई नाही."

एली नवे बूट घालूनच निघाली.

"बोटं लागतात?" मी विचारलं.

"नाही."

ती टाचांवर चालत होती. खांबाजवळून गेलो. ती खांबाला काहीच म्हणाली नाही.

*

घरी आल्यावर ती सरळ अंगणात आजींकडे गेली. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. आजी भट्टीतून मिरच्या काढत होत्या, एली अनवाणी बाजूला उकिडवी बसली होती, बूट तिने पायरीवर शेजारी शेजारी ठेवले होते. आजींनी काहीतरी विचारलं. एलीने खांदे उडवले. आजींनी वर खिडकीकडे पाहिलं.

मी पलीकडच्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं.

वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. कपाटाला लाकडाचा वास होता, तळाशी कोट पडला होता, एक खांदा अजून हँगरवर, दुसरा सुटलेला. मी तो उचलला. जड होता. चिठ्ठी बाहीला लटकत होती, तिचा दोरा मळकट झाला होता.

खिशातून काहीतरी खडखडलं.

मी हात घातला. रानबदामाच्या बिया निघाल्या, शाळेमागच्या झाडाखाली पडतात त्या, तपकिरी. काही टणक आणि ताज्या, काही वाळून सुरकुतलेल्या, गेल्या शरदातल्या. अर्धं बिस्किट. बालवाडीतल्या कागदी रुमालाचा बोळा. दुसऱ्या खिशात केसांची पिन, एलीची, जी आम्ही ईस्टरच्या सुमारास घरभर शोधली होती. आणि एक दुधाचा दात.

मी कोट घेऊन पलंगावर बसले.  कोणी घातलाच नाही म्हणून मी हा ठेवला होता. आतल्या चौकडीच्या अस्तराला गळ्यापाशी थोडी चकाकी आली होती, मान घासून घासून येते तशी. माझ्या नजरेतून शिवणीतला एक चुकीचा टाका सुटत नाही, आणि हे सगळं भिंतीपलीकडे दोन हिवाळे चाललं होतं.

"नीट टांगता येत नाही, वरपर्यंत हात पोचत नाही माझा."

एली दारात उभी होती. अनवाणी, बोटांना काजळी.

"कधीपासून घालतेस?"

"रोज नाही." ती आत आली नाही. "तू कारखान्यात असतेस तेव्हा. थोडा वेळच."

"आजींना माहीत आहे?"

तिने उंबऱ्याकडे पाहिलं. म्हणजे माहीत होतं.

"रागावलीस?"

"नाही."

"मग तोंड असं का आहे?"

"ते असंच आहे. ये."

ती आली. मी कोट धरला, तिने सवयीने हात घातले, आधी डावा. लाकडी बटणं तिला खालूनच लावायची सवय होती.

"आधी हात दिसायचेच नाहीत," ती म्हणाली आणि डावी बाही पुढे केली. "मग एवढी बोटं दिसायची, नखं फक्त. उन्हाळ्यात इथपर्यंत. आता बघ." बाहीच्या कडेतून तिची बोटं मधल्या पेरापर्यंत बाहेर आली होती. "म्हणजे मी वाढतेय, आई. मी मोजलंय. झ्लात्कामावशीला माहीत नाही, पण मी मोजलंय."

मी तिची बोटं हातात घेतली. काजळी माझ्या हाताला लागली. बोटं गरम होती, भट्टीजवळ बसल्यामुळे.

"हो," मी म्हणाले. दुकानात अडकलेला शब्द तो होता. फार उशिरा आला, पण तिने तो लगेच घेतला आणि पुढे गेली.

"मग हा घालू शाळेत?"

मी शिवणाचा डबा आणला. तिला खुर्चीवर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या, आणि बाही आत दुमडली. कारखान्यात आम्ही बाहीच्या टोकाला बोटभर कापड आत सोडतो, इथे मी चार बोटं माया ठेवली. टाके लांब लांब घातले, कच्चे, एका ओढीत उसवतील असे. डावी, उजवी. चिठ्ठीचा दोरा कात्रीने कापला. एली पूर्ण वेळ हलली नाही, फक्त एकदा म्हणाली,

"पोटात गुदगुल्या होतात."

"मी पोटाला हात लावला नाहीये."

"तरी होतात."

आजी वर आल्या, दारातून बघितलं, एक अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी हे फार होतं. जाताना फक्त म्हणाल्या, "उजवी अर्धं बोट लांब आहे," आणि ती खरंच होती.

सोमवारी मी बूट बदलून आणले. झ्लात्काने विचारलं नाही. पुढच्या मापाचे दिले, आणि कागदात थोडा कापूस बांधून दिला. मी निघाले तेव्हा मागून ओरडली, "तुझ्या मापाचा हिरवा स्वेटर आहे गं! राहू दे म्हणतेस? बरं, राहू दे. पडून राहील, कुठे जातोय."

*

पंधरा तारखेला सकाळी धुकं होतं. नदीकडची घरं दिसत नव्हती. आजींनी त्यांच्या बागेतल्या शेवंत्या आणि डेलिया बांधून ठेवल्या होत्या, बाईंसाठी. गुच्छ एलीच्या डोक्याएवढा झाला होता.

ओग्न्यानचा फोन आला. तो हंगेरीच्या सीमेवर रांगेत अडकला होता.

"कोणता कोट घातलाय?" त्याने विचारलं.

"तू आणलेला."

पलीकडे इंजिनं घरघरत होती.

"बसतो?"

"बाह्या दुमडल्यात."

"एक फोटो पाठव," तो म्हणाला. मग घाईघाईने, "नको वाटलं तर नको."

आजी तांब्याच्या भांड्यात पाणी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. भांड्यात जिरॅनियमची एक डहाळी. त्यांनी पायरीवर पाणी ओतलं. "पाण्यासारखं सरळ जाऊ दे सगळं, माझ्या लेकरा. उजवा पाय आधी. उजवा म्हटलं, एली, तो डावा!"

"बूट मोठा आहे, तो आधी जातो."

"गेला तर गेला. आता मागे नको घेऊस."

रस्त्यावर पोरंच पोरं, आणि सगळ्यांच्या हातात फुलं. वेस्का आणि तोन्का पुढे चालल्या होत्या. तोन्काचा कोटही मोहरी, हात कुठेच दिसत नव्हते, गुच्छ आपोआप चालल्यासारखा. मी काळा स्वेटर घातला होता. कोपरांना आदल्या दिवशी काळी ठिगळं लावली होती. कशाचंच काही वाटत नव्हतं, वाईट पण नाही. धुकं तोंडाला लागत होतं तेवढं कळत होतं, आणि एलीचा हात माझ्या हातात होता, आणि तिच्या बाहीच्या आत माझे टाके होते.

चौकात खांबाजवळ ती थांबली.

"इथे काढ फोटो. बाबांना."

"शाळेत काढू."

"इथे. ताई पण येईल."

ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. कागद उन्हाने फिका पडला होता, अक्षरं जवळजवळ गेली होती, पण चेहरा होता. दोन फिती, पांढरा शर्ट, कोपऱ्यातली पाकळी. कागद खाली लावलेला होता, जानेवारीत आजींनीच लावला, त्यांचा हात तेवढाच पोचतो. एलीने टाचा जोडल्या, मान ताठ केली. दोन चेहरे शेजारी शेजारी आले.

मी फोन वर धरला. मला फोटो काढायचा नव्हता. शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो कुठे जाऊन बसतो ते माझ्यासमोरच होतं. पण पडद्यावर दोघी एकाच वेळी माझ्याकडे बघत होत्या, आणि बोट काचेवरच राहिलं.

"आई, मी ताईएवढी झाले ना?"

"झालीस."

"म्हणजे अगदी तेवढी?"

"अगदी तेवढी."

तिने मान वळवून कागदाकडे पाहिलं, मग बाहीच्या दुमडीत बोट घालून आतलं कापड चाचपलं, आहे ना ते बघितलं.

"ताई पहिलीतच राहणार?"

"हो."

"आणि मी पुढच्या वर्षी दुसरीत. मग तिसरीत." ती विचार करत होती, ओठ मुडपून, पडलेल्या दाताच्या जागी जीभ लावून. पुढे वेस्काने वळून हाक मारली, घंटा होईल म्हणाली. एली जागची हलली नाही.

"मग मी मोठी आणि ती छोटी," ती म्हणाली. "मग आई, आमच्यातली ताई कोण?"